बाळाच्या मानेवरच्या पाण्याच्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय? मग जायच्या आधी एवढं बघा

जत, आटपाडीकडून मिरजेला ऑपरेशनसाठी येणाऱ्यांनी पहिली गोष्ट म्हणजे सगळे कागद एका पिशवीत घ्या, सोनोग्राफी आणि एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी पण घ्या, कारण सर्जनला गाठ रक्ताच्या शिरांना, नसांना (म्हणजे मज्जातंतूंना) कुठं चिकटलीय ते स्वतः बघायचं असतं. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला झेरॉक्ससकट, आणि महात्मा फुले या सरकारी मोफत उपचाराच्या योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा.

डॉक्टरांना विचारायला अजिबात लाजू नका. या पाण्याच्या गाठीला डॉक्टर लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात, ती कॅन्सर नव्हे, पण ती नसांच्या मधून पसरलेली असते, त्यामुळं कधीकधी नस वाचवायला थोडी गाठ मुद्दाम ठेवतात आणि ती परत वाढू शकते. किती निघेल, ओठाचा कोपरा हलवणारी नस जवळ आहे का, हे विचाराच. पाण्याच्या पिशव्या मोठ्या असतील तर ब्लिओमायसिनसारखं इंजेक्शन देऊन गाठ सुकवता येते, ते आपल्या बाळाला चालेल का, हेही विचारा.

सर्दी-ताप असला तर लपवू नका! तारीख हातची जाईल म्हणून लोक गप्प बसतात, पण सर्दीत ही गाठ फुगते आणि भूल देताना श्वासाला धोका होतो, तारीख परत मिळते हो. नुकतीच लस दिली असेल तर तेही सांगा. गाठीवर लेप, शेक, मालिश काही नको, आणि गाठ एकदम निळी पडली, वाढली किंवा बाळ घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागलं तर तारखेची वाट न बघता लगेच निघा.

उपाशी ठेवायची वेळ डॉक्टर देतील तीच, साधारणपणे जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. बाळ रडतं, आजीचा जीव कळवळतो आणि हळूच बिस्कीट हातात जातं, म्हणून आजीला आदल्या रात्रीच नीट समजावून ठेवा.

कपडे पुढून बटणाचे, डोक्यातून घालायचे नकोत, कारण ऑपरेशननंतर जखमेतून बारीक नळी आणि बाटली लावलेली असते, त्यात पिवळसर, कधी लालसर पाणी काही दिवस येत राहतं. वहीत रोजचं माप लिहा, ते पाणी कमी झाल्यावरच नळी काढतात, आणि रात्री बाळाचा हात नळीवर जाऊ नये म्हणून जवळ कुणीतरी जागं पाहिजेच, त्यामुळं दोन मोठी माणसं सोबत न्या.