शेअर जॉइंट लाल का दाखवत होता: माझा अनुभव

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये सरकी ठेवायला पोटमाळा करायचा होता. 6 मीटरचे आयएसएमबी 250 (250 मिमी उंचीचे, आय आकाराचे) स्टीलचे बीम, कॉलमला फिन प्लेट (कॉलमला वेल्ड केलेली पट्टी, तिला बीम बोल्टने जोडतात), एम20 म्हणजे 20 मिमी जाडीचे, ग्रेड 4.6 चे तीन बोल्ट. जॉइंट तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं तर लाल, म्हणजे नापास. चार बोल्ट केले, सहा केले, तरी लाल. आठवर फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, एवढे बोल्ट कायले?"

त्याचं बरोबर होतं. एका बोल्टची शेअर (आडवं कापणारं बल) सोसायची क्षमता हाताने काढली: बोल्टचं क्षेत्रफळ 245 × ताकद 400 भागिले (1.732 × सुरक्षेचा गुणक 1.25), म्हणजे 45 किलोन्यूटन. तिघांचे 135. बीमच्या टोकाचा शेअर होता फक्त 60! मग बोंब कशाची?

रिपोर्ट नीट वाचला, तर शेअरसोबत मोमेंटही (वाकवणारा जोर) आलेला. अ‍ॅनालिसिसच्या मॉडेलमध्ये मी बीमच्या टोकांना रिलीज (टोक मोकळं वळू देणं) दिलाच नव्हता. म्हणजे कागदावर जॉइंट रिजिड (अजिबात न वळणारा), आणि वेल्डिंगवाला बसवणार साधी पट्टी. चूक माझीच.

दोन्ही टोकांना फक्त मेजर अ‍ॅक्सिसचा (वरच्या भाराने वाकण्याचा) मोमेंट सोडला. टॉर्शन (पीळ) दोन्हीकडे सोडू नका, बीम स्वतःभोवती फिरतो आणि मॉडेल अस्थिर होतं. जॉइंट तीन बोल्टांत हिरवा झाला, पण बीम लाल! टोकाचा मोमेंट गेला की मधला वाढतोच. डिफ्लेक्शन (बीमचा मधला झोक) 22 मिमी, मी धरलेली मर्यादा स्पॅन भागिले 300 म्हणजे 20. शेवटी आयएसएमबी 300 घेतला. मालक वजनावरून कुरकुरला.

आणखी एक. इथे प्लेट गॅसने हाताने कापतात, म्हणून भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेचं अंतर भोकाच्या व्यासाच्या 1.7 पट लागतं. 22 मिमीच्या भोकाला 37.4, मी 40 दिलं. सॉफ्टवेअरने आधी 33 धरलं होतं.