संत्रा लावायचा आहे? मृगाआधी तीन फुटांचा खड्डा खणा

येत्या जुलै-ऑगस्टमध्ये संत्र्याची नवी लागवड करणार असाल, तर हातात मोजकेच दिवस आहेत. शेतात तीन फूट खोल खड्डा खणा आणि जमीन आतून पाहा. कलमे, ठिबक, कुंपण सगळे नंतर. रोहिणीत एखादी सर जोराची झाली तरी खड्ड्यात पाणी साचते, भिंती ढासळतात आणि खालचे थर नीट दिसत नाहीत.

विदर्भातल्या कितीतरी बागा रोगाने गेल्या असे म्हणतात, पण त्या लावल्या त्याच दिवशी जमिनीने गेलेल्या असतात. वर दीड-दोन फूट काळी कसदार माती, कपाशी-तूर जोमात, म्हणून संत्रा लावला जातो. तीन-चार वर्षे झाड हिरवेगार राहते. मुळे खालच्या पांढऱ्या चुनखडीच्या थरात शिरली की कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, शेंड्याकडून फांद्या वाळू लागतात. हे दिसते ते नेमके पहिला बहार धरायच्या सुमारास. तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

"आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे" एवढ्यावर थांबू नका. तिचा नमुना वरच्या 15-20 सेंमी मातीचा असतो आणि तिच्यातल्या 12 घटकांत मुक्त चुनखडी (मातीत सुटा मिसळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) नसते. संत्र्याचा निकाल तर तिथेच लागतो. मुक्त चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर ती जमीन संत्र्याची नाही. सामू (pH) 6.5 ते 7.5 असावा.

दोन एकरांला किमान एक खड्डा घ्या. जमीन बदलते तिथे वेगळा: उंचवट्यावर एक, नाल्याकडे एक. भिंत उभी कापा, खुरप्याने साफ करा आणि सकाळच्या उजेडात पाहा.

तुरीचे सोटमूळ शोधा. ते दोन फुटांवर काटकोनात आडवे वळले असेल, तर खाली कडक थर आहे. संत्र्याचे मूळही तिथेच अडेल. ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी. ढेकळाची बाजू तेल लावल्यासारखी तुळतुळीत असेल तर ती फुगणारी भारी चिकणमाती. राखाडी-निळसर डाग म्हणजे तिथे पाणी मुरत नाही, साचते. भुसभुशीत मुरूम लागला तर आनंदच आहे, मात्र तो तीन फुटांच्या आसपास हवा. फुटावरच लागला तर माती कमी पडते.

आता चुनखडी तपासा. हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात टाका. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. दर फुटाच्या मातीवर थेंब टाका. कानाशी धरल्यावरच चुरचुर ऐकू आली तर चुनखडी थोडी. फेस उसळून वर आला आणि टिकला, तर ती 10 टक्क्यांच्या पुढे असावी. हा शेतातला अंदाज आहे, शिक्कामोर्तब प्रयोगशाळेचेच.

निचऱ्यासाठी खड्ड्याच्या तळाशी फूटभर रुंद, फूटभर खोल भोक करा आणि पाण्याने भरा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा असतात, पहिले पाणी त्यांतून निघून जाते आणि निचरा उत्तम वाटतो. इथे फसगत होते. रात्रभर भिजू द्या, सकाळी पुन्हा भरून मोजा. तासाला 2 ते 3 सेंमी उतरले तर चांगले. दिवसभराने पाणी तसेच असेल तर तिथे मूळकुज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) ठरलेला.

प्रयोगशाळेसाठी:
- थर 0-30, 30-60, 60-90 सेंमी
- नमुना तळाच्या थरापासून वर घ्यावा
- प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून
- कापडी पिशवी. खताची गोणी नको
- "मुक्त चुनखडी" अर्जात स्वतः लिहावे

चुनखडी विरघळवणारी द्रावणे गावोगाव विकली जातात. हिशेब करा. एकराच्या वरच्या फूटभर मातीचे वजन साधारण 1,500 टन. त्यात 10 टक्के म्हणजे 150 टन चुनखडी. ती संपवायला 45-50 टन गंधक लागेल. पाच लिटरच्या कॅनने काय होणार? जिप्समही इथे चालत नाही, ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीसाठी. चुनखडीत ते आणखी कॅल्शियमच घालते.

बाग आधीच लागली असेल आणि पिवळी पडत असेल, तर 10 लिटर पाण्यात फेरस सल्फेट 50 ग्रॅम व सायट्रिक आम्ल 10 ग्रॅम फवारा. जस्तासाठी वेगळी फवारणी: झिंक सल्फेट 50 ग्रॅम, विरलेला चुना 25 ग्रॅम. पाने हिरवी होतील, पुढची पालवी पुन्हा पिवळी येईल. जमीन बदलत नाही.

चुनखडी कमी पण माती भारी असेल तर संत्रा जमेल. तिथे तीन फुटांचा मोठा खड्डा खणून वाळू-शेणखताने भरू नका. चारी बाजूंनी चिकणमाती असलेला तो हौद होतो आणि पावसाळाभर झाडाचे पाय पाण्यात राहतात. दीड-दोन फूट उंच गादीवाफे करा, ओळींमध्ये उताराकडे चर काढा.

लागवडीची बाकी कामे:
- अंतर 6 × 6 मीटर
- प्रति झाड शेणखत 20 किलो, निंबोळी पेंड 1 किलो, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) 100 ग्रॅम
- कलमाचा डोळा (जोड) जमिनीच्या किमान वीतभर वर
- पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर

खुंटाबद्दल (ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात ते): रंगपूर लिंबू चुनखडी आणि क्षार जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा बरा सोसतो. पण "रंगपूर घेतो, मग चालेल" म्हणून 15 टक्के चुनखडीत उतरू नका. अशा रानात कपाशी, तूर, हरभरा चांगले येतात. फळझाडच हवे असेल तर हलक्या भागात सीताफळ किंवा बोर पाहा.

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, शेंदूरजनाघाटकडच्या पन्हेऱ्यांत (रोपवाटिकांत) कलमांची मागणी आधीच सुरू होते आणि विसार दिला की माणूस अडकतो. मग अहवाल वाईट आला तरी कलमे आणली जातात. तिन्ही थरांचा अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नका.