जपानी चाहान: परतलेला, तरीही मोकळा भात

जपानमधील रामेनच्या दुकानांत नूडल्सच्या वाडग्यासोबत हमखास मागवला जाणारा परतलेला भात म्हणजे चाहान. हा पदार्थ मूळचा चिनी असला, तरी जपानी घरांत तो पुरता रुळला आहे आणि उरलेल्या भाताची तिथे बहुधा हीच सोय लावली जाते. तांदूळ आखूड आणि चिकट जातीचा असूनही शीत न् शीत सुटे राहिले, तरच चाहान जमला असे म्हणता येते. त्यामुळे चवीच्या जिनसांपेक्षा भातातील ओलाव्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

चाहानसाठी मुद्दाम भात शिजवायचा असेल, तर पाणी नेहमीपेक्षा किंचित कमी घ्यावे. जपानी मापाची एक वाटी, म्हणजे 180 मिलिलिटर किंवा सुमारे 150 ग्रॅम तांदूळ, चांगला धुऊन अर्धा तास भिजवावा, निथळावा आणि तेवढ्याच मापाच्या पाण्यात शिजवावा. शिजल्यावर तो लगेच पसरट ताटात मोकळा करून वाफ जाऊ द्यावी. पंधरा-वीस मिनिटांत वरचा ओलावा उडाला की तो परतण्यास योग्य होतो. आदल्या दिवशीचा भात वापरण्याची पद्धतही चांगली आहे, कारण थंड झाल्यावर भातातील स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शिते एकमेकांना कमी चिकटतात. मात्र असा भात कोमट असतानाच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा जीवाणू वाढू शकतो आणि त्याचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. फ्रिजमधील भात परतण्यापूर्वी थोडा गरम करून त्याच्या गुठळ्या ओल्या बोटांनी फोडून घ्याव्यात, कारण गार गोळा कढईत पडला की तिची उष्णता एकदम उतरते.

एका वेळी एकाच माणसापुरता चाहान करावा. घरगुती शेगडीची आच दुकानातील आचेइतकी प्रखर नसते, त्यामुळे कढई भरली की भात परतला न जाता वाफवला जातो. त्यासाठी 250 ग्रॅम भात, 2 अंडी, दीड मोठा चमचा तेल, बारीक चिरलेली नेगी, म्हणजे जपानी लांब कांदा, किंवा कांद्याची पात, पाव चहाचा चमचा मीठ, पांढरी मिरपूड आणि एक चहाचा चमचा सोया सॉस एवढे पुरते. दुकानात त्यात चाशू, म्हणजे सोया सॉसमध्ये मंद शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. घरी हॅम किंवा कामाबोको ही माशाची वडीही चालते. पाणी सुटणाऱ्या भाज्या मात्र टाळाव्यात. परतण्याचे काम तीन-चार मिनिटांत आटोपते, म्हणून सगळे चिरून, मोजून हाताशी ठेवल्याशिवाय शेगडी पेटवू नये.

लोखंडी कढई हलका धूर येईपर्यंत तापवावी, तेल घालून ते सगळीकडे फिरवावे आणि फेटलेली अंडी ओतावीत. अंडी कडेने फुलतात, पण मधोमध अजून ओलसर असतात, त्या क्षणी भात घालावा. उशीर झाला तर अंडे वेगळे पडते. वेळ साधली तर ते शितांभोवती पातळ थराने बसते आणि तोच थर शितांना सुटे ठेवतो. झाऱ्याच्या पाठीने भात हलकेच दाबून पसरावा, काही क्षण तसाच राहू द्यावा आणि मग उलटावा. कढई सतत उडवणे दिसायला छान असले, तरी घरच्या आचेवर त्याने ती केवळ थंड होते, असे माझे ठाम मत आहे.

भात मोकळा झाला की चाशू, मीठ आणि मिरपूड घालावी. शेवटी सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा. त्यातील पाणी तिथेच उडते आणि भाजल्याचा खमंग वास भाताला लागतो. खारटपणा मिठातून यावा, सोया सॉस वासापुरताच असावा. नाहीतर भात तपकिरी आणि ओला होतो. नेगी घालून आणखी अर्धा मिनिट परतावे आणि हवे असल्यास भाजलेल्या तिळांच्या तेलाचे दोन थेंब टाकून कढई उतरवावी.

वाढताना भात गोल वाडग्यात हलक्या हाताने भरून ताटलीत पालथा घालतात, बाजूला बेनी शोगा, म्हणजे आल्याचे लाल लोणचे ठेवतात आणि सोबत नेगी पेरलेले पातळ सूप देतात. चाहान गरम असतानाच खावा.