नागपुरात घरी कोंबड्या पाळायच्या असतील तं आधी एवढं करा

घराच्या मागच्या जागेत चार-पाच कोंबड्या ठेवायला परवानगी लागते का असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असते, काही नाही लागत भाऊ, सगळेच पाळतात. पाळतात हे खरंच आहे, महाल असो की मानेवाडा, पहाटे कोंबडा ऐकू येतोच. पण ज्या दिवशी शेजारच्यानं लेखी तक्रार टाकली त्या दिवशी "सगळेच पाळतात" हे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून जे करायचं ते कोंबड्या आणायच्या आधी करा, आणल्यावर जीव लागतो आणि मग पोरांसमोर त्या हलवणं फार जड जाते.

सगळ्यात आधी आपलं घर कोणाच्या हद्दीत येते ते पक्कं करा. पत्त्यात नागपूर लिहिलं म्हणून मनपाच असते असं नाही. बेसा-पिपळ्यात नगरपंचायत आहे, वाडीत नगरपरिषद आहे, कामठीला कॅन्टोन्मेंटचा भाग वेगळा आहे, आणखी बाहेर गेलं की ग्रामपंचायत. घरटॅक्सची पावती काढा, ती ज्यांच्या नावाची असेल त्यांचेच नियम तुम्हाला लागू. मनपात असाल तं लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी या १० झोनपैकी तुमचं ऑफिस कोणतं तेही पावतीवरून कळते.

हा झाला ऑफिसचा झोन. जमिनीचा झोन वेगळा, तो विकास आराखड्यात ठरलेला असतो, रहिवासी, व्यापारी, शेती वगैरे, आणि त्याचा झोन दाखला मिळतो. डिसेंबर २०२० पासून नागपूरलाही राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. शेती झोनमधे पोल्ट्री फार्म बसतो. रहिवासी प्लॉटवर धंदा म्हणून शेड टाकून शेकडो पक्षी ठेवाल तं ते घरगुती पाळणं राहत नाही, तिथं नगररचनावाले वापर बदलला म्हणून पकडू शकतात. आणि खुराड्यासाठी कंपाऊंडला लागून पक्कं बांधकाम अजिबात करू नका, मार्जिनमधली, म्हणजे घर अन् कंपाऊंडच्या मधली, जागा मोकळी सोडायची असते, तक्रार कोंबड्यांची येते अन् केस अनधिकृत बांधकामाची होऊन बसते. लाकडी किंवा जाळीचं, उचलून इकडून तिकडं नेता येईल असं खुराडंच बरं.

आता कायदा. नागपूर मनपाला १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातल्या नियमांमधे डुकरं पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते असं स्पष्ट आहे, आणि बाकी कोणताही प्राणी इतरांना उपद्रव होईल किंवा धोका होईल असा ठेवायचा नाही असं म्हटलं आहे. त्या नियमात आकडा नाही, उपद्रव हाच शब्द आहे, म्हणजे तीन कोंबड्यांचाही उपद्रव होऊ शकतो आणि दहा नीट ठेवल्या तं कोणाला कळतही नाही. मनपाचं उपद्रव शोध पथकही शहरात फिरते. इंटरनेटवर केंद्रीय प्रदूषण मंडळाचे पोल्ट्रीचे नियम सापडतात, वस्तीपासून ५०० मीटर अंतर वगैरे, ते वाचून घाबरू नका, ते हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहेत.

तरी माझं मत असं की झोन ऑफिसला एक साधा अर्ज द्याच. मजकूर एवढाच ठेवा: "मी अमुक पत्त्यावर स्वतःच्या घरगुती वापरासाठी इतक्या कोंबड्या, कोंबडा न ठेवता, पाळू इच्छितो. विक्री करणार नाही. यासाठी परवानगी किंवा नोंदणी आवश्यक असल्यास, तसेच कोणते नियम लागू आहेत ते लेखी कळवावे." दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. काउंटरवर कोणी म्हणेल की याची काही गरज नाही, तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर नाहीच आलं तं १० रुपये फी भरून माहितीच्या अधिकारात नियमाची प्रत मागता येते. ही पोच पुढं तक्रार आली की फार कामी येते, आपण लपवून काही केलं नाही हे त्यातून दिसते.

फ्लॅटमधे असाल तं गच्ची अन् पार्किंग सामाईक असते, सोसायटीचा ठराव असल्याशिवाय तिथं खुराडं ठेवूच नका. भाड्यानं राहत असाल तं घरमालकाकडून लिहून घ्या.

खरं काम मात्र शेजाऱ्यांचं आहे. कोंबडा ठेवू नका, अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त पिल्लं हवी असतील तरच लागतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि कोंबडा चार वाजताच सुरू होतो, उजाडायची वाट बघत नाही. गावरान पिल्लं लहानपणी ओळखू येत नाहीत, म्हणून जवळपास वाढलेल्या तलंगाच, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या माद्याच घ्या.

दुसरी गोष्ट नागपूरची खास आहे, कूलर. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी खिडकीत कूलर लागलेले असतात आणि कूलर बाहेरची हवा आत ओढतो. तुमचं खुराडं शेजाऱ्याच्या कूलरच्या खिडकीखाली असेल तं सगळा वास त्यांच्या घरात, जेवताना, झोपताना, चोवीस तास, मग ते तक्रार करतील नाही तं काय करतील! जागा ठरवायच्या आधी कंपाऊंडच्या पलीकडं कोणाचा कूलर कुठं लागतो ते बघा, उन्हाळा नसेल तं जाऊन विचारा, आणि खुराडं त्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, झाडाची सावली असेल तं अजून चांगलं कारण उन्हात कोंबड्याही तडफडून मरतात.

वास मुळात ओल्या विष्ठेचा असतो. खाली धानाचा तूस जाड पसरा, तो एक दिवसाआड उलथवा, पावसाळ्यात ताडपत्री बांधा आणि ओला झालेला तूस त्याच दिवशी काढून मातीत पुरा किंवा कंपोस्टमधे टाका, नाल्यात किंवा कचरागाडीत नाही. दाणे रात्री उघडे ठेवले की उंदीर येतात आणि त्यांच्या मागं साप, मग विषय आवाज-वासाचा राहत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, काका-काकूंना अधूनमधून गावरान अंडी द्या, आणि काही त्रास झाला तं आधी मला सांगा असं तोंडानं म्हणा.

बर्ड फ्लूचं मात्र कोणी मनावर घेत नाही. मार्च २०२४ मधे आपल्या सेमिनरी हिल्सच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात तो निघाला होता, जानेवारी २०२५ मधे गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले ३ वाघ अन् १ बिबट्या त्यानंच गेल्याचं समोर आलं. असा प्रादुर्भाव जाहीर झाला की साधारण १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, त्यात घरच्या कोंबड्याही येतात. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणून एकापाठोपाठ कोंबड्या मरायला लागल्या तं लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, २००९ च्या कायद्यानं ते मालकावर बंधनकारकच आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर द्या म्हणजे निदान त्या रोगाचा घोळ होत नाही.

आणि नोटीस आलीच तं फाडून फेकू नका, घेणार नाही असंही म्हणू नका. त्यात कोणतं कलम आणि किती दिवसांची मुदत दिली ते बघा, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, सोबत अर्जाची पोच, खुराड्याचे तारीख दिसणारे फोटो, आणि जमलं तं आजूबाजूच्या दोन-तीन घरांचं सहीचं पत्र जोडा. तक्रार खरी असेल तं काय बदललं ते त्यात लिहा, जागा हलवली, संख्या कमी केली, असं. तरीही काढा म्हटलं तं कोंबड्या ठेवायला गावाकडचं एखादं नातेवाइकाचं घर आधीच बोलून ठेवलेलं बरं, फुटाळा-अंबाझरी तलावाच्या काठावर नेऊन सोडू नका, कुत्रे एका रात्रीत संपवतात.