चाक नाही, भट्टी नाही, तरी काळंभोर चमकणारं मडकं: प्वेब्लो पद्धतीने घरी कसं करायचं

आमच्या खान्देशात आखाजीला नवी घागर येते, पुरणपोळी खापरावर होते, म्हणजे मातीचं भांडं आपल्याला नवीन नाही. पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधे प्वेब्लो लोकांची १९ गावं आहेत आणि तिथे पिढ्यान् पिढ्या चाकाशिवाय, नुसत्या हाताने भांडी होतात, तीही बहुतेक बायकांच्या हातची. त्यातल्या सॅन इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ (१८८७-१९८०) बाईंचं काळं मडकं पाहिल्यापासून मी त्याच्या मागे लागले. १९०८ च्या सुमाराला तिथे जवळच उत्खनन चालू होतं, एडगर ह्युएट नावाच्या संशोधकाने मारियाला जुनी खापरं दाखवून तसं भांडं करून बघायला सांगितलं. पुढे तिने आणि तिचा नवरा जुलियनने मिळून काळ्या चकचकीत अंगावर काळीच पण मॅट नक्षी काढायची पद्धत बसवली, हे साधारण १९१९ च्या आसपास. भांडं ती घडवायची, नक्षी तो काढायचा, आणि ही विद्या तिने स्वतःजवळ दडवून न ठेवता सगळ्या गावाला शिकवली, मला ही गोष्ट तिच्या भांड्यांइतकीच मोठी वाटते.

आता कृती. आधी माती. आपली कपाशीची काळी माती नुसती वापरू नका, ती ओली फुगते, वाळली की आखडते आणि भांडं तडकतं. तळ्याचा किंवा पाझर तलावाचा गाळ घ्या, दोन-तीन दिवस भिजवा, पातळ करून कापडातून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका कारण आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, भाजल्यावर ते हवेतला ओलावा ओढून फुगतात आणि चार दिवसांनी भांड्याची खपली उडते. माझी पहिली दोन भांडी अशीच गेली. सॅन इल्देफोन्सोला मातीत ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात, आकोमा गावात जुन्या खापरांचा भुगा घालतात. आपल्याला आकोमाचा मार्ग सोपा, फुटलेला माठ कुटून मैद्याच्या चाळणीने चाळा, चार वाट्या मातीला एक वाटी भुगा. मग पायाने नाहीतर हाताने भरपूर मळा, कणकेपेक्षा जास्त. मळलेला गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवला तर अजून चांगलं.

घडवताना एका उथळ वाडग्यात राख भुरभुरवून त्यात मातीची जाड पोळी बसवा, हा झाला तळ. तिकडे या आधाराच्या वाडग्याला पुकी म्हणतात. मग करंगळीएवढ्या वळ्या करून एकावर एक गोल बसवत जायचं, प्रत्येक वळी आतून-बाहेरून बोटाने दाबून खालच्या वळीत मिसळायची. तीन-चार वळ्या झाल्या की थांबा, जरा घट्ट होऊ द्या, नाहीतर वरच्या वजनाने पोट बसतं. त्या बायका वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाने भिंत खरवडून सारखी करतात, मी नारळाची करवंटी घासून वापरते, छान काम होतं.

वाळवणं सावलीतच. एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हात ठेवलं की एका बाजूने वाळून चीर पडलीच समजा. गोणपाटाखाली सावकाश आठ-दहा दिवस, आणि पूर्ण वाळलं की पॉलिश पेपरने घासून घ्या, नाका-तोंडाला रुमाल बांधून.

आता खरं काम, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. गेरू आणि बारीक गाळलेली माती पाण्यात दुधाएवढी पातळ करा, भांड्यावर चार-पाच हात द्या आणि ओल असतानाच गुळगुळीत दगडाने घोटायला लागा. मधे उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही, कारण लेप वाळला की चमक येतच नाही. तिथल्या घरांमधे घोटायचे दगड आईकडून मुलीकडे येतात. आपल्याला तापीच्या, गिरणेच्या पात्रात गुळगुळीत गारगोट्या मिळतात, तळहातात बसेल अशी एक निवडून जपून ठेवा. नक्षी हवी असेल तर घोटून झाल्यावर त्याच पातळ लेपाने काढायची आणि त्यावर दगड फिरवायचा नाही, ती जागा मॅट राहते. ब्रशसाठी ते युक्का नावाच्या तिकडच्या झाडाचं पान चावून त्याचे धागे मोकळे करतात, मी शिंदीच्या पानाने भागवते.

भाजणं. काळा रंग हा रंग नाहीच, तो धूर आहे. कोरडा दिवस, वारा नाही, कडब्याच्या गंजीपासून लांब मोकळी जागा, हाताशी पाण्याच्या दोन बादल्या. विटांवर लोखंडी जाळी, तिच्यावर भांडं पालथं, वरून जुने पत्रे, भोवती आणि वर कोरड्या गोवऱ्या, खाली पऱ्हाट्या पेटवायला. आधी मंद जाळ, मग चांगला भडकू द्या, आच ७०० अंशाच्या आसपास जाते. जाळ पूर्ण असतानाच वरून बारीक कुटलेली कोरडी घोड्याची लीद भराभर टाकून सगळं झाकून टाकायचं आणि त्यावर राख. लीद तुमच्या गावच्या कुंभारकाकांकडे मिळेल, नाहीतर सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत पोतंभर आणून वाळवून ठेवा. आत हवा कोंडली की मातीतलं लोह काळं पडतं आणि धुराचा कार्बन अंगात शिरतो. कुठून ज्वाळा डोकावली तर लगेच तिथे लीद टाका, नाहीतर त्या जागी तांबडा डाग राहतो. तासभर थांबा, मग हळूच उघडा आणि आपोआप गार होऊ द्या.

हे तंत्र आपल्या मातीलाही अनोळखी नाही. प्रकाशा या गावात आणि चाळीसगावजवळच्या बहाळला उत्खननात काळी-तांबडी भांडी निघालीत, आतून काळी आणि बाहेरून तांबडी, तोही हवेचा आणि धुराचाच खेळ.

नक्षीबद्दल एक कळकळीने सांगते. जुलियनचा पाण्याचा सर्प, सांता क्लारा गावच्या मार्गारेट तफोयांच्या भांड्यावरचा अस्वलाचा पंजा, कोचिती गावच्या हेलन कोर्देरोंनी १९६४ मधे केलेली, अंगाखांद्यावर पोरं घेऊन गोष्ट सांगणारी मूर्ती, ही त्यांच्या घरची, त्यांच्या श्रद्धेची चिन्हं आहेत. शिकायला बघा, पण उचलून विकू नका. अमेरिकेत १९९० पासून कायदाच आहे की मूलनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे कपाशीचं बोंड आहे, केळीचं पान आहे, गौराईच्या गाण्यातला झोका आहे, ते काढा.

तयार भांड्यात पाणी भरू नका, कमी आचेचं असल्याने ते झिरपतं आणि चमक जाते. कोरड्या सुती कपड्याने पुसायचं, बस्स.