तीन कागदांचा तारा

नाताळसाठी मी कागदाचं बरंच काही करते, पण घरात येणाऱ्याची मान वर जाते ती एकाच गोष्टीकडे: छताला टांगलेला मोठा, पोकळ, पांढरा तारा. तो चांगला ४० सेंमी रुंद होतो आणि त्याला लागतात फक्त तीन ए-फोर कागद, कात्री, चिकटपट्टी आणि स्टेपलर.

एका कागदातून १४.८ सेंमीचे दोन चौरस निघतात. म्हणजे तीन कागदांतून सहा चौरस, आणि एका चौरसाची एक पाकळी. कागद ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम) चालतो. मला १०० चा आवडतो, तो लोंबत नाही. कार्डशीट मात्र घेऊ नका, सुरळी करताना ती मोडते. उरलेल्या सहा सेंमीच्या पट्ट्या टाकू नका.

चौरस कोपऱ्याला कोपरा जुळवून तिरका दुमडा, त्रिकोण होईल. तो पुन्हा मधोमध दुमडा. घडीवर नख दाबून फिरवा. इथे आळस केला तर पुढे सगळंच वाकडं होतं. आता हातातल्या त्रिकोणाच्या दोन बाजू बंद आहेत आणि सर्वांत लांब बाजू उघडी आहे. त्या उघड्या बाजूला समांतर तीन रेघा आखा, पावणेदोन-दोन सेंमीच्या अंतरानं. एका बंद बाजूकडून कात्री घाला आणि दुसऱ्या बंद बाजूच्या अर्धा सेंमी अलीकडे थांबा. हा अर्धा सेंमी म्हणजे पाकळीचा कणा. मी पहिल्यांदा केला तेव्हा एक चीर आरपार गेली. चिकटपट्टीनं जोडली, पण ती पाकळी शेवटपर्यंत कललेलीच राहिली. तसं झालं तर सरळ नवा चौरस घ्या.

चौरस उलगडला की एकात एक बसलेल्या चौकटी दिसतील. सर्वांत आतल्या चौकटीची दोन सुटी टोकं जवळ आणून सुरळी करा, चिकटपट्टी लावा. कागद उलटा करा आणि त्याच्या बाहेरची जोडी या बाजूनं जोडा. पुन्हा उलटा, पुढची जोडी. पुन्हा उलटा, शेवटची. चौथ्या जोडीला सपाट कागदाची पीळ घातलेली पाकळी होते. हा क्षण मला इतका आवडतो की सहावी पाकळी मी नेहमी जरा सावकाश करते.

तीन पाकळ्यांची टोकं एकत्र धरून स्टेपल मारा, उरलेल्या तिघींचंही तसंच. मग दोन्ही जुडग्या मध्यभागी जोडा. शेवटी शेजारच्या पाकळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे एकेक पिन मारा. ही पायरी गाळली की तारा दोन दिवसांत मिटायला लागतो. ओला गोंद नको, त्यानं पातळ कागदाला सुरकुत्या पडतात.

आता त्या उरलेल्या पट्ट्या. प्रत्येकीच्या उभ्या तीन करा, त्या आडव्या मधोमध कापा; १८ छोट्या पट्ट्या होतील. एकीत एक ओवत कड्या चिकटवल्या की साखळी तयार.

खिडकीसाठी हिमकण करायचे असतील तर एकच गोष्ट सांभाळा: टोकं सहा हवीत. बर्फाचे स्फटिक षटकोनी रचनेत वाढतात, आणि हिमकणाला सहाच टोकं का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ मध्येच मांडला होता. घाईत चारदा मधोमध दुमडून आठ टोकांचे केलेले हिमकण मला पटत नाहीत. पातळ कागदाचा चौरस तिरका दुमडा, त्रिकोणाच्या लांब घडीचा मध्य शोधा आणि तिथून दोन्ही बाजू एकावर एक आणून तीन सारखे भाग करा, प्रत्येकी ६० अंशांचा. हा निमुळता भाग पुन्हा मधोमध दुमडा, वरची टोकं कापून टाका आणि कडांना बारीक काप द्या.

ताऱ्याला एका पाकळीच्या टोकातून दोरा ओवा. आत दिवा लावू नका, मेणबत्ती तर जवळपासही नको. बाजूनं प्रकाश पडला की भिंतीवर त्याची जाळीदार सावली उतरते. सण झाला की मध्यभागाचा जोड आणि दोन जुडग्यांमधल्या दोन पिना सोडवून दोन अर्धे वेगळे ठेवा, मोठ्या खोक्यात ते न चेपता मावतात. माझ्याकडचा सर्वांत जुना तारा आता जरा पिवळसर झालाय. तो मी खिडकीपासून लांब, दाराजवळ टांगते.