जुन्या रोड बाइकला घाटाचे हलके गिअर बसवताना या चुका टाळा

साधारण २००० ते २०१२ या काळातील बहुतेक रोड बाइक शर्यतीत उतरणारा तरुण स्वार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या आहेत. पुढे पायडलपाशी ५३/३९ किंवा फार तर ५०/३४ दात्यांच्या चेनरिंग (दातेरी चकत्या) आणि मागच्या चाकावर १२-२५ ची कॅसेट (१२ ते २५ दात्यांच्या चकत्यांचा संच), ही त्या काळची सर्रास आढळणारी जोडी होती. आज त्याच सायकली सेकंड-हँड बाजारातून चाळिशीच्या स्वारांच्या हाती येतात आणि सिंहगडाच्या किंवा पसरणीच्या घाटात पायडल थांबू लागले की ‘मागे मोठी कॅसेट टाका’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा नाही. तो अर्धवट आहे. कॅसेट आधी विकत घेतली जाते, मग डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तिला पुरत नाही असे लक्षात येते, मग चेन आखूड पडते आणि दोन हजारांत व्हायचे काम तिप्पट खर्चावर जाते. खाली दिलेल्या बहुतेक चुका क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

हिशेब न करता कॅसेट निवडणे

पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की गिअरचे गुणोत्तर मिळते. ३९/२५ म्हणजे १.५६ आणि ३४/३२ म्हणजे १.०६. या आकड्यांचा अर्थ घाटात कळतो. ७००×२५ टायरचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला आणि पायांची गती मिनिटाला ६० फेऱ्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही असे ठरवले, तर ३९/२५ वर ताशी सुमारे ११.८ किलोमीटर वेग राखावाच लागतो, तर ३४/३२ वर ताशी ८ किलोमीटर पुरतात. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन असेल, तर ८ टक्क्यांच्या चढावर पहिल्या वेगासाठी केवळ उंची चढण्यापोटी सुमारे २०५ वॅट लागतात आणि दुसऱ्यासाठी सुमारे १४०. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध त्यावर वेगळा. हौशी स्वाराला तासभर २०५ वॅट देणे जड जाते. १४० वॅट नियमित सायकल चालवणाऱ्या पुष्कळांना झेपतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते, जी दुकानात सहसा सांगितली जात नाही. ३९/३२ चे गुणोत्तर १.२२ येते आणि ३४/२८ चे १.२१. म्हणजे ५३/३९ ची क्रँक (पायडलचे दांडे आणि चेनरिंग यांचा जोड) तशीच ठेवून मागे ३२ पर्यंत गेलात, तरी कॉम्पॅक्ट क्रँक (५०/३४) आणि साध्या २८ च्या कॅसेटवर जे मिळते तेवढेच पदरात पडते. म्हणून आधी आपल्याला कोणते गुणोत्तर हवे ते ठरवावे आणि मगच ते मागून मिळवायचे की पुढून, हे पाहावे. नेहमीचा रस्ता पसरणीसारखा लांब पण बेताच्या चढाचा असेल, तर १.२ च्या आसपास बहुतेकांचे भागते. सिंहगडाच्या रस्त्यासारखी तीव्र चढाची वळणे असतील, तर १.०६ सुद्धा चैन वाटत नाही.

गरजेपेक्षा मोठी कॅसेट घेण्याचाही तोटा आहे. ९-गिअरी १२-२५ मध्ये चकत्या १२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५ अशा जवळजवळच्या असतात. ११-३४ मध्ये त्या ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३०-३४ अशा विरळ होतात. सपाट रस्त्यावर समोरून वारा असताना एक गिअर फार जड आणि त्याच्या शेजारचा फार हलका, अशी अवस्था वारंवार येते. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याने बाकीच्या सगळ्या दिवसांची सोय त्यासाठी गमवावी का, हा विचार ज्याने त्याने करावा. माझे मत १२-२८ किंवा १२-३० कडे झुकते.

डिरेलरच्या दोन मर्यादांपैकी एकच पाहणे

मागच्या डिरेलरला दोन स्वतंत्र मर्यादा असतात. पहिली म्हणजे तो जास्तीत जास्त किती दात्यांच्या चकतीखाली मावतो. दुसरी म्हणजे त्याची केज (चेनच्या दोन लहान पुली धरणारी खालची चौकट) एकूण किती सैल चेन ओढून धरू शकते, म्हणजेच त्याची क्षमता. क्षमतेची गरज मोजण्यासाठी पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि कॅसेटच्या मोठ्या-लहान चकत्यांमधला फरक यांची बेरीज करावी. ५०/३४ आणि १२-२५ यांची बेरीज १६ अधिक १३, म्हणजे २९ होते. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या त्या काळातल्या आखूड केजच्या अनेक डिरेलरांची क्षमता नेमकी २९ आणि मोठ्या चकतीची मर्यादा २७ आहे. ही जोडी त्यांत नेमकी बसते. कॅसेट ११-३२ केली की बेरीज ३७ वर जाते आणि दोन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडल्या जातात.

डिरेलरच्या आतल्या बाजूला ‘आरडी’ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. तो वाचून कंपनीच्या तांत्रिक पत्रकात दोन्ही आकडे पाहावेत. केजची लांबी नुसती डोळ्यांनी जोखू नये. कागदावरची मोठ्या चकतीची मर्यादा काहीशी सावधपणे लिहिलेली असते आणि २७ लिहिलेला डिरेलर पुष्कळदा २८, क्वचित ३० सुद्धा पेलतो, हे खरे आहे. ते फ्रेमच्या हँगरची (डिरेलर जिथे लटकतो त्या भागाची) लांबी आणि बी-स्क्रूची (डिरेलरचा कोन बदलणाऱ्या स्क्रूची) उरलेली आवळण यांवर अवलंबून असते, म्हणून एका सायकलवर जमलेले दुसरीवर जमेलच असे नाही. बी-स्क्रू आवळला की वरची पुली कॅसेटपासून दूर जाते. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना पुलीचे आणि चकतीचे दाते यांच्यामध्ये ५ ते ६ मिलिमीटर अंतर हवे. स्क्रू पूर्ण आत गेला तरी खरखर थांबत नसेल, तर त्या डिरेलरची हद्द संपली असे समजावे.

अशा वेळी डिरेलर खाली उतरवणारी हँगर एक्स्टेंडर नावाची लहानशी पट्टी बसवली जाते. ती चालते, पण तिने पहिली मर्यादा वाढते, दुसरी नाही, ही गोष्ट विकणारा बहुधा सांगत नाही. शिवाय पुली सगळ्याच चकत्यांपासून दूर गेल्यामुळे लहान चकत्यांवरचे गिअर बदलणे मंद होते. मध्यम किंवा लांब केजचा डिरेलर मिळत असेल, तर पट्टीच्या वाट्याला जाऊ नये.

दोन मर्यादा ओलांडण्याचे परिणाम मात्र सारखे नसतात. क्षमता थोडी ओलांडली आणि चेन पुरेशी लांब असली, तर लहान चेनरिंग आणि लहान चकती या जोडीवर चेन लोंबते, इतकेच. ती जोडी तशीही वापरायची नसते. खरा धोका चेन आखूड असण्यात आहे.

जुनीच चेन ठेवणे

या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. मागची मोठी चकती २५ वरून ३२ दात्यांची केली, तर चेनला तिच्याभोवती जाण्यासाठी सुमारे चार कड्या जास्त लागतात. जुनी चेन तशीच ठेवून घाटात नकळत मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या चकतीवर गिअर टाकला, तर केज पूर्ण ताणली जाते आणि चेन डिरेलरला पुढे ओढून हँगर वाकवते किंवा मोडते. डिरेलर स्पोकमध्ये गेला, तर चाकही जाते. जुन्या फ्रेमचा हँगर त्या त्या मॉडेलचाच लागतो आणि बंद पडलेल्या मॉडेलचा हँगर शोधणे हा निराळाच उद्योग होऊन बसतो. काही फ्रेमना तर सुटा हँगर नसतोच.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. चेन डिरेलरमधून न घेता थेट मोठ्या चेनरिंगवरून मोठ्या चकतीवर गुंडाळावी, टोके जिथे जुळतात तिथे दोन कड्या, म्हणजे एक इंच, अधिक ठेवून कापावी. ‘मी ती जोडी वापरतच नाही’ हे कारण चालत नाही, कारण दमलेला हात नेमका तोच गिअर टाकतो.

जुन्या चेनला चार नव्या कड्या जोडण्याचा मोहही टाळावा. झिजलेली चेन नव्या कॅसेटच्या दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही लवकर खाते. पोलादी पट्टीने चेनच्या २४ कड्या पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजाव्यात. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असते. १०-गिअरी चेनमध्ये ते ३०६.३ च्या पुढे आणि ८ किंवा ९-गिअरी चेनमध्ये ३०७ च्या पुढे गेले असेल, तर चेन बदलावी. पावसाळाभर चालवलेल्या सायकलची चेन मोजल्याशिवाय चांगली समजू नये.

क्रँककडे न पाहता चेनरिंग मागवणे

५३/३९ च्या क्रँकवर ३४ ची चेनरिंग बसवता येईल, असे गृहीत धरून ती मागवणारे पुष्कळ आहेत. चेनरिंग धरणाऱ्या पाच बोल्टांचे वर्तुळ १३० मिलिमीटर व्यासाचे असेल, तर त्यावर ३८ पेक्षा लहान चेनरिंग बसतच नाही. ३४ साठी ११० मिलिमीटरची कॉम्पॅक्ट क्रँक लागते. पाच हातांच्या क्रँकवर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधले अंतर मोजावे: ते ६४.७ मिलिमीटर असेल तर वर्तुळ ११० चे, आणि ७६.४ असेल तर १३० चे.

क्रँक बदलायची, तर बॉटम ब्रॅकेटही (क्रँक ज्यात फिरते ते फ्रेममधले बेअरिंग) पाहावा लागतो. चौकोनी दांड्याची जुनी रचना, खाचांच्या दांड्याची ऑक्टालिंक आणि २४ मिलिमीटर दांड्याची हॉलोटेक-२ या एकमेकींत चालत नाहीत. आटे इंग्रजी पद्धतीचे असतील, तर चेनच्या बाजूचा कप उलट फिरवून सुटतो. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात. याची खात्री न करता जोर लावला, तर फ्रेमचे आटे जातात आणि त्याला स्वस्त इलाज नाही.

मोठी चेनरिंग ५३ ऐवजी ५० ची झाली की तिची त्रिज्या जवळजवळ ६ मिलिमीटरने कमी होते, म्हणून पुढचा डिरेलर तेवढा खाली आणावा लागतो. त्याच्या बाहेरच्या पात्यात आणि चेनरिंगच्या दात्यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर असावे. डिरेलर फ्रेमला जोडलेल्या पट्टीवर बसणारा असेल, तर पट्टीतली खाच तितकी खाली पोहोचते का, हे क्रँक घेण्याआधीच बघावे.

ज्यांच्या सायकलला पुढे तीन चेनरिंग आहेत, त्यांनी ती क्रँक जुनाट म्हणून काढून टाकण्याची घाई करू नये. ५२/४२/३० च्या क्रँकमध्ये आतली चेनरिंग बहुधा ७४ मिलिमीटरच्या वेगळ्या वर्तुळावर असते आणि तिथे २४ दात्यांपर्यंत जाता येते. ३० च्या जागी २६ ची बसवली, तर मागची १२-२५ कॅसेट तशीच ठेवूनही २६/२५, म्हणजे १.०४ मिळते, जे ३४/३२ पेक्षाही हलके आहे. कॅसेट, डिरेलर, चेन यांपैकी सहसा काहीही बदलावे लागत नाही. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

गिअरांची संख्या जुळली की सगळे जुळते, असे मानणे

शिमानोच्या ८, ९ आणि १०-गिअरी रोड डिरेलरांमध्ये केबल ओढण्याचे प्रमाण सारखे आहे, आणि ९-गिअरी एमटीबी (माउंटन बाइक) डिरेलरही त्याच प्रमाणाचा असतो. त्यामुळे ९-गिअरी एमटीबीचा लांब केजचा डिरेलर जुन्या १०-गिअरी रोड शिफ्टरबरोबर (हँडलवरच्या गिअर बदलणाऱ्या खटक्याबरोबर) नीट चालतो आणि ३४ दाते सहज पेलतो. याउलट १०-गिअरी एमटीबी डिरेलर त्याच शिफ्टरबरोबर चालत नाही, कारण तिथे प्रमाण बदलले आहे. शिमानोचाच टियाग्रा ४७०० हा डिरेलर १०-गिअरी असूनही जुन्या १०-गिअरी शिफ्टरशी जुळत नाही. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) शिमानोची कॅसेट बसत नाही, आणि मागे ६ किंवा ७ गिअर असतील, तर हबवर कॅसेट नसून आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच, म्हणजे फ्रीव्हील, असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला काढायचे हत्यारही निराळे लागते.

कॅसेट बसवताना काही १०-गिअरी कॅसेटच्या मागे १ मिलिमीटरची पातळ कडी (स्पेसर, चेनची कडी नव्हे) लागते, काहींना लागत नाही. ११-गिअरी हबवर जुनी कॅसेट चढवायची असेल, तर १.८५ मिलिमीटरची कडी लागते. लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी बाहेरची रिंग) ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळल्यावरही कॅसेट हाताने हलत असेल, तर कडी राहून गेली आहे.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

घाटात जाण्याआधी सायकल स्टँडवर चढवून सगळ्या जोड्या हळूहळू फिरवून पाहाव्यात. नव्या कॅसेटवर जोर दिला की चेन उडी मारत असेल, तर चेन झिजलेली आहे किंवा तिची एखादी कडी ताठ झाली आहे. सर्वांत मोठ्या चकतीवरच खरखर असेल, तर बी-स्क्रू पाहावा. मधल्या चकत्यांवर असेल, तर केबलचा ताण. लहान चकत्यांवर गिअर उशिरा पडत असेल, तर बी-स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला आहे किंवा केबलच्या नळीत गंज आहे. जुन्या सायकलीत दुसरे कारण अधिक आढळते. डिरेलर बदलला असेल, तर ‘एल’ अक्षराचा मर्यादा-स्क्रू नव्याने लावलाच पाहिजे. मोठ्या चकतीवर चेन असताना बोटाने डिरेलर स्पोकांकडे ढकलून पाहावा, तो आणखी आत जाता कामा नये. पुढे ५० वरून ३४ वर येताना चेन आत पडून फ्रेम खरवडत असेल, तर पुढच्या डिरेलरचा आतला मर्यादा-स्क्रू पाव फेरी आवळावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर सीट-ट्यूबला चेन कॅचर (चेन आत पडू न देणारा लहानसा भाग) लावावा.